छोट्या टेरियरला रॅली ओबेडियन्स जमेल का? नागपुरात सुरुवात कशी करावी?

तुम्ही विचारलंय की घरी दोन वर्षांचा जॅक रसेल टेरियर कुत्रा आहे, रॅली ओबेडियन्सचे व्हिडिओ पाहून हौस वाटतेय, पण ओळखीचे सगळे सांगतात की टेरियर हट्टी असतो, हे लॅब्रॅडोर नि जर्मन शेफर्डवाल्यांचं काम. तर जमेल का, आणि नागपुरात सुरुवात कशी करायची?

जमेल. मी तर म्हणेन, आज्ञापालनाच्या जेवढ्या स्पर्धा आहेत त्यांत टेरियरच्या स्वभावाला सगळ्यांत जास्त मानवणारी हीच. आमची चिंगी जॅक रसेलच आहे, त्रिमूर्तीनगरात फ्लॅटमध्ये राहते, आणि आमच्या घरी दिवस याच खेळानं सुरू होतो.

ज्यांनी हा खेळ पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगते. मैदानात क्रमांक घातलेल्या पाट्या मांडलेल्या असतात आणि प्रत्येक पाटीवर एक काम असतं. थांबा आणि कुत्र्याला बसवा. उजवीकडे २७० अंशांत वळा. ओळीत ठेवलेल्या शंकूंमधून नागमोडी जा. कुत्र्याला समोर बोलवा आणि परत डाव्या बाजूला घ्या. कुत्रा आपल्या डावीकडे, आणि पाटीमागून पाटी वाचत दोघांनी चालत राहायचं. जज 'निघा' म्हणतो, त्यानंतर पुढचं सगळं तुमच्यावर. त्याआधी कुत्र्याविना मार्ग चालून बघायला वेळ देतात. चार्ल्स 'बड' क्रेमर या अमेरिकन गृहस्थांनी हा खेळ रचला आणि अमेरिकन केनेल क्लबनं १ जानेवारी २००५ पासून त्यात अधिकृत किताब द्यायला सुरुवात केली. त्यांच्या नॉव्हिस, म्हणजे नवशिक्यांच्या पातळीत १० ते १५ पाट्या असतात, कुत्रा पट्ट्यावर असतो, आणि १०० पैकी ७० गुण मिळाले की पात्र. पट्टा ताणला गेला तर १ गुण जातो, एखादी पाटी पुन्हा करून घेतली तर ३, आणि पाटीवरचं काम चुकीचं झालं तर १०. वेळ मोजतात, पण तो फक्त दोघांचे गुण सारखे झाले तर बघतात. म्हणजे धावाधाव नाही.

टेरियरला हे का मानवतं? जुन्या वळणाच्या ओबेडियन्समध्ये हुकूम एकदाच द्यायचा आणि मग तोंड मिटून चालायचं. रॅलीत, निदान सुरुवातीच्या पातळ्यांत, तुम्ही कुत्र्याशी बोलू शकता, शाबासकी देऊ शकता, टाळी वाजवू शकता, मांडीवर थाप मारून बोलावू शकता. हात लावायचा नाही आणि पट्ट्यानं ओढायचं नाही, एवढंच. शिवाय दर काही पावलांवर काम बदलतं. टेरियरला एकच गोष्ट चार वेळा करायला लावली की पाचव्यांदा तो भिंतीवरची खार बघायला लागतो. इथे पाचव्यांदा वेळच येत नाही.

हट्टीपणाबद्दल मात्र मला थोडं जोरात बोलायचं आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधल्या डेव्हन परगण्यात जॉन रसेल नावाचे पाद्री होते, जॅक रसेलला त्यांचंच नाव पडलं. त्यांना हवा होता असा छोटा पांढरा कुत्रा, जो कोल्ह्याच्या बिळात शिरेल आणि त्याला बाहेर हुसकेल. बिळात अंधार, मालक वर, सांगणारं कोणी नाही. पुढे जायचं की मागे, भुंकायचं की थांबायचं, सगळं त्या कुत्र्यानंच ठरवायचं. भुंकणंही कामाचाच भाग, कारण आत कुठे आहे ते वरच्या माणसाला त्या आवाजावरून कळायचं. पिढ्यान्‌पिढ्या ज्या गुणासाठी निवडून निवडून ही जात घडवली, तोच गुण आपल्या दिवाणखान्यात आला की आपण त्याला हट्टी म्हणतो. तुमच्या कुत्र्याला तुमचं ऐकू येतं, समजतंही. फक्त 'तुझ्या बाजूला राहून मला काय मिळणार' हा त्याचा प्रश्न असतो, आणि त्याचं उत्तर रोज द्यावं लागतं.

नेहमीचं उत्तर म्हणजे खाऊ. उकडलेलं चिकन किंवा पनीर, तुकडा तुरीच्या दाण्याएवढा. पाच-सहा किलोचं जनावर आहे, मोठे तुकडे दिलेत तर दहा मिनिटांत पोट भरतं आणि मन उडतं. कांदा-लसूण घातलेलं घरचं चिकन देऊ नका, द्राक्षं-मनुकाही नाही, कुत्र्यांना ती विषारी असतात.

पण टेरियरसाठी खाऊपेक्षा मोठं बक्षीस वेगळंच असतं, आणि माझ्या सांगण्यातली मुख्य गोष्ट हीच आहे. त्याला जे करायचंय तेच बक्षीस म्हणून द्या. डेव्हिड प्रेमॅक या मानसशास्त्रज्ञानं मांडलेलं तत्त्व आहे: जे काम प्राणी आपणहून जास्त करतो, ते कमी आवडत्या कामाचं बक्षीस होऊ शकतं. चिंगीला झाडाच्या बुंध्याशी हुंगायचं असतं, माती उकरायची असते. म्हणून तीन पाट्या नीट केल्या की मी 'जा!' म्हणते आणि तिच्यासोबत पळत त्या कडुनिंबाशी जाते. एक मिनिट मनसोक्त हुंगणं, मग परत. आधी ती मला ओढत झाडाकडे न्यायची, आता झाडाकडे जाण्याचा रस्ता माझ्या डाव्या पायावरून जातो हे तिला पक्कं माहीत आहे. जुन्या सुती ओढणीची वेणी करून ओढाताण खेळणं हेही असंच बक्षीस. ओढाताणीनं कुत्रा आक्रमक होतो असं सांगणारे भेटतील. 'सोड' म्हटल्यावर सोडतो एवढं शिकवलं असेल तर खुशाल खेळा.

आता छोट्या शरीराचं. रॅलीचे बहुतेक व्हिडिओ मोठ्या कुत्र्यांचे असतात आणि ते बघून शिकवायला गेलं की अडतं ते इथेच. तुमचा कुत्रा तुमच्या पोटरीपाशी आहे. तुमच्या चेहऱ्याकडे बघायला त्याला मान पार वर करावी लागते, आणि शेजारी चालणारे बूट त्याला भले मोठे दिसतात. पाय पडेल या भीतीनं छोटे कुत्रे दोन हात लांबून चालतात. त्यावर पट्टा खेचून जवळ आणण्यात काही अर्थ नाही. मऊ तळव्याचे बूट घाला, पाय फार न उचलता एका लयीत चाला, आणि दर वेळी कमरेत वाकण्याऐवजी लांब दांड्याचा लाकडी चमचा घ्या. चमच्याला थोडं घट्ट दही लावून तो आपल्या डाव्या पोटरीशी धरा. कुत्रा योग्य जागी चालतो आणि तुमची कंबर वाचते. पुढे चमचा हळूहळू वर न्यायचा आणि मग काढून टाकायचा.

वळणं शिकवायला मी घरातला पाट वापरते. त्यावर रबरी चटईचा तुकडा चिकटवला आहे म्हणजे पाय घसरत नाहीत. पुढचे दोन पाय पाटावर, मागचे दोन जमिनीवर, आणि मी हळूहळू गोल फिरते. माझ्या पायाशी चिकटून राहायचं तर तिला मागचे पाय सरकवावे लागतात. बऱ्याच कुत्र्यांना मागचे पाय वेगळे हलवता येतात हे मुळी माहीतच नसतं. डावीकडे २७० किंवा ३६० अंश वळायच्या पाट्या यावरच उभ्या आहेत, कारण डावीकडे वळताना तुम्ही कुत्र्याच्या अंगावर येता आणि त्याला मागचं धड बाजूला घ्यावं लागतं. हे आठ-पंधरा दिवस पाटावर केलंत तर पुढे वळणांचा त्रास होत नाही. समोर बोलावून बसवण्यासाठी सुरुवातीला स्टुलावर बसा. उभ्या माणसासमोर छोटा कुत्रा नाक वर करून लांबच बसतो, तुम्ही खाली आलात की तोही जवळ येतो.

पट्टा गळ्यात न अडकवता छातीच्या हार्नेसला लावा. चोक चेन, म्हणजे ओढली की गळा आवळणारी साखळी, आणि झटके यांना माझा सरळ विरोध आहे. एवढ्याशा गळ्यात श्वासनलिकेला इजा होऊ शकते, आणि टेरियर झटक्याला उत्तर म्हणून उलट दुप्पट जोरानं ओढतो. ज्या ट्रेनरचा सगळा भर झटक्यावर आहे त्याच्याकडे हा खेळ शिकायला जाऊ नका.

अजून एक. या जातीत मागच्या पायाची गुडघ्याची वाटी सरकण्याचा दोष आढळतो. पळता पळता दोन-चार पावलं एक मागचा पाय उचलून लंगडी घातल्यासारखं केलं आणि पुन्हा नीट पळायला लागला, असं दिसलं तर आधी डॉक्टरांना दाखवा. सेमिनरी हिल्सवर नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथे प्राण्यांचा दवाखाना चालतो. नॉव्हिसमध्ये उडी नसते, ती ॲडव्हान्स्ड या वरच्या पातळीला येते, तीही १० ते १५ इंचांच्या आतल्या उंचीच्या कुत्र्याला फक्त ८ इंच. तरी गुडघे तपासून घेतलेले बरे.

नागपूरचं म्हणाल तर इथे सरावाचं वेळापत्रक ऊन ठरवतं. एप्रिल ते जूनमध्यापर्यंत सकाळी सहाच्या आत मैदानातलं आटपायचं. पारा ४५ च्या वर जातो तेव्हा संध्याकाळी सात वाजताही डांबर तापलेलं असतं. हाताची मागची बाजू रस्त्यावर सात सेकंद टेकवून बघा, तुम्हाला सहन होत नसेल तर त्याच्या पंजांनाही होत नाही. कुत्रं मुख्यतः धापा टाकूनच अंग थंड करतं, आणि टेरियर दमला तरी थांबत नाही, तुम्हालाच थांबवावं लागतं. लाळ घट्ट झाली, हिरड्या लालभडक दिसल्या, चाल डगमगली तर सावलीत घ्या, अंगावर साधं पाणी ओता, वारा घाला आणि ताबडतोब डॉक्टर गाठा. मे महिन्यात आम्ही सोफा भिंतीला सरकवून कूलरसमोर तीन पाट्या मांडतो, तेवढ्या पुरतात. चकचकीत टाइल्सवर मात्र चटया अंथरा.

पावसाळ्यात गोचीड आणि घुशी. घुशीच्या बिळावर तुमचा टेरियर तुटून पडणार हे धरूनच चाला, म्हणून लेप्टोस्पायरोसिसची लस चुकवू नका, रेबीजची तर नाहीच. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा खरा हंगाम, फक्त दिवाळीचे फटाक्यांचे दिवस सोडून द्या.

जागा शोधताना आधी गच्ची. कठडा उंच असेल आणि सोसायटीची हरकत नसेल तर गच्चीसारखी जागा नाही. आमच्या शेजारच्या काकूंनी पहिल्या दिवशी विचारलं होतं, "काहून गं, कुत्रीला परेड करवतेस का?" आता त्याच पाट्या उलटसुलट मांडून देतात, आणि क्रम बदलल्यामुळे सराव चांगला होतो. गच्चीवर जमलं की पार्किंग, मग कॉलनीचं मैदान, मग सकाळची तर्री-पोह्याची गाडी, पण तिच्यापासून वीस-पंचवीस पावलं लांब. तिथे दोन पाट्या केल्या, खाऊ दिला, निघाले. अंतर हळूहळू कमी करायचं. फुटाळा तलावावरची संध्याकाळची गर्दी सगळ्यात शेवटी.

गल्लीतली कुत्री ही इथली खरी अडचण, आणि टेरियर आपल्या आकाराचा हिशेब न करता भिडतो. त्यांच्या हद्दीत पाट्या मांडू नका. चालताना भेटली तर आपल्या कुत्र्याच्या चेहऱ्यासमोर खाऊ धरून अर्धं वर्तुळ करून माघारी वळणं हे उत्तम, आणि गंमत म्हणजे ते रॅलीचं 'यू-टर्न'च आहे. आमच्याकडे सगळ्यात पक्की झालेली पाटी तीच.

स्पर्धांचं सांगायचं तर दर महिन्याला रॅलीच्या रिंगणात उतरता येईल अशी सोय इथे नाही. केनेल क्लब ऑफ इंडियाच्या छताखाली ओबेडियन्सच्या चाचण्या होतात, त्यांतलं हील (डाव्या पायाशी चालणं), बसणं, झोपणं, थांबणं रॅलीच्या सरावातून आपोआप तयार होतं, तेव्हा जवळपास शो असेल तेव्हा आधी एकटे जाऊन रिंगण बघून या. अमेरिकेतल्या रिंगणात खाऊ न्यायला अमेरिकन केनेल क्लब परवानगी देत नाही. वर्ल्ड सायनोस्पोर्ट रॅली या दुसऱ्या संस्थेचे नियम ठरावीक ठिकाणी देऊ देतात. त्यामुळे नियम वाचताना कोणत्या संस्थेचे आहेत ते बघा, नाहीतर गोंधळ होईल.

सुरुवातीला सगळ्या पाट्या छापत बसू नका. अमेरिकन केनेल क्लबच्या संकेतस्थळावर त्या फुकट आहेत. 'थांबा-बसा', 'उजवीकडे वळा', 'यू-टर्न' आणि 'हळू चाला' या चार घ्या, झेरॉक्सच्या दुकानात लॅमिनेट करून आणा, आणि एका वेळी पाच मिनिटांच्या वर सराव करू नका. पाच मिनिटं सकाळी, पाच संध्याकाळी. पंधरा दिवसांनी तुम्ही पाट्या काढताना दिसलात की तुमचा कुत्रा दाराशी येऊन उभा राहायला लागला, तर पुढच्या चार छापा. येत नसेल तर पाट्या तशाच ठेवा आणि बक्षीस बदला.