ॲटलास आणि अपोलो: आधी मिशा बघा
पतंग आणि फुलपाखरू यांतला फरक ओळखायला तुम्ही ॲटलास आणि अपोलो ही जोडी छान निवडलीत. सध्या रंग विसरा, मिशा (डोक्यावरच्या दोन स्पर्शिका) बघा. सह्याद्रीतल्या ॲटलास पतंगाच्या मिशा पिसांसारख्या, नराच्या तर चांगल्याच रुंद. लडाखच्या अपोलो फुलपाखराच्या मिशांना टोकाशी गाठ.

नवखे इथे हमखास फसतात:
- अंगावर दाट केस दिसले की पतंग ठरवतात. अपोलोही केसाळ असतो, थंडीत ऊब टिकते.
- पंख पसरून बसला म्हणजे पतंगच, असंही धरतात. अपोलो पंख उघडून ऊन खातो, ढग आला की खाली बसतो. म्हणून त्याला लख्ख उन्हातच शोधा.

ॲटलास दिवसा दिसला तर हलवू नका. त्याला खाण्यापुरतंही तोंड नसतं, अळीपणी साठवलेल्या चरबीवर जेमतेम आठवडा-दोन आठवडे काढतो. उपजातींचं नंतर बघू, आधी फोटोत मिशा स्पष्ट येऊ द्या.