प्रौढ वयात चर्चमध्ये यायचं असेल तर स्वागत कसं होतं? बाप्तिस्मा लगेच घ्यावा का?

लगेच नको. कॅथलिक चर्च स्वतःच घाई करू देत नाही. प्रौढांसाठी तयारीचा काळ असतो, काही महिने, कधी वर्षभरही. सुरुवातीच्या स्वागतविधीत कपाळावर क्रुसाची खूण करतात. मग शिकवणी, रविवारची मिस्सा (चर्चमधली सामूहिक उपासना) आणि हळूहळू ओळखी.

बाप्तिस्मा शक्यतो ईस्टरच्या आदल्या रात्री होतो. चर्चमध्ये अंधार असतो. बाहेर पेटवलेल्या अग्नीवरून पास्काची (ईस्टरची) मोठी मेणबत्ती पेटवतात आणि तिच्यावरून सगळ्यांच्या. पापाचा त्याग, विश्वासाची कबुली, डोक्यावर तीनदा पाणी, मग पांढरं वस्त्र. दृढीकरण (विश्वास पक्का करणारा संस्कार) आणि पहिलं ख्रिस्तशरीर, म्हणजे मिस्सेतली पवित्र भाकर, हेही त्याच रात्री. पेटती मेणबत्ती धर्ममाता किंवा धर्मपिता, म्हणजे विश्वासाच्या वाटेवर सोबत करणारी व्यक्ती, हातात देतात. मी एकदा दिली आहे. तेव्हा माझाच हात थरथरत होता, आणि मी तर जन्मापासून चर्चमधली!

प्रोटेस्टंट मंडळ्यांची रीत वेगवेगळी आहे. काही ठिकाणी पूर्ण पाण्यात बुडवून बाप्तिस्मा देतात.

घरच्यांची काळजी असेल तर कवी ना. वा. टिळकांचं घर आठवा. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी १९०० मध्ये, स्वतःची खात्री पटल्यावर. मधली वर्षं दोघांनाही जड गेली. म्हणून घरी आधी स्वतः सांगा, बाहेरून कळू देऊ नका. आणि या रविवारी मिस्सेनंतर फादरांना नुसतं भेटा. पहिल्या भेटीत कसलंही वचन द्यावं लागत नाही.