वाचक विचारतात : पारा ३२चा, घाम ४१चा

उन्हाळी अंकासाठी आलेल्या पत्रांत यंदा उकाडा, वळीव आणि विजा यांचीच गर्दी आहे. त्यांतले काही प्रश्न आणि आमच्या हवामान सल्लागारांची उत्तरं.

लेक-जावई नोकरीनिमित्त पोर्तो रिको बेटावर, सान हुआन शहरात राहतात. मोबाइलवर तिथलं तापमान ३२ दिसतं, खाली ‘जाणवतं ४१’ असं येतं आणि रोज दुपारी विजेचं चिन्ह. माझं माहेर अथणीचं, तिथे ४० अंशांतही आम्ही वावरलो. मग ३२ ची एवढी धास्ती कशाला? — एक आजी, टिळकवाडी, बेळगाव

आजी, ४१ हाच आकडा खरा धरा. अंग निवतं ते घाम वाळल्यामुळे, आणि दमट हवेत घाम वाळतच नाही, नुसता निथळतो. ३२ अंश तापमान आणि ७० टक्के आर्द्रता असली की शरीराला साधारण ४१ अंशांइतका त्रास होतो. अथणीला एप्रिलच्या दुपारी ४० अंश असले आणि आर्द्रता २० टक्के असली, तर त्याच हिशेबाने जाणवणारं तापमान चाळिसाच्या किंचित खालीच येतं. शिवाय हा आकडा सावलीतला असतो. भर उन्हात त्यात आणखी ८ अंशांपर्यंत भर पडू शकते.

दुसरी गोष्ट रात्रीची. अथणीला पहाटे पारा चांगला उतरतो. बेटाच्या चारी बाजूंना कोमट समुद्र, त्यामुळे उन्हाळ्यात सान हुआनचा पारा पहाटेही २५-२६ च्या खाली फारसा जात नाही. दिवसभर तापलेल्या शरीराला रात्री विसावा मिळाला नाही, की तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्रास सुरू होतो. वीज गेली तर तिथली रात्र जड जाते. लेकीला सांगा, झोपण्याआधी ओला पंचा मानेवर आणि काखेत फिरवायचा आणि खिडक्या समोरासमोरच्या उघडायच्या.

आता दुपारच्या विजा. त्या बेटावर वारा बहुतेक दिवस पूर्वेकडून येतो. सकाळी उन्हाने जमीन तापते, चहूकडून समुद्राची दमट हवा आत शिरते आणि मधल्या डोंगररांगेवर वर चढते. तिथला सर्वांत उंच सुळका १,३३८ मीटरचा. एक-दोनच्या सुमाराला ढग उभे राहतात, वारा त्यांना पश्चिमेकडे रेटतो आणि दोन ते पाच या वेळेत मधल्या व पश्चिम भागात कोसळतात. सान हुआन ईशान्येला असल्यामुळे पुष्कळदा कोरडंच राहतं. मात्र पूर्वेला एल युन्के नावाचा पावसाळी डोंगर आहे. त्याच्यावरून निघालेली ढगांची रांग कधीकधी नेमकी शहरावर येते. वारा दक्षिणेकडून वळला तर हवा डोंगर उतरून शहरात येते. उतरताना ती तापते, आणि शहरातले सर्वांत काहिलीचे दिवस हेच. म्हणून अंदाज पाहताना तापमानाच्या आधी वाऱ्याची दिशा पाहायची.

जून-जुलैत आफ्रिकेतल्या सहारा वाळवंटाची धूळ समुद्र ओलांडून तिथवर पोचते. तेव्हा आकाश पांढुरकं दिसतं, पाऊस दडी मारतो, उकाडा तसाच राहतो. घरात कोणाला दमा असेल तर त्या दिवसांत खिडक्या बंद.

अंदाजात दिसणारं ‘पाऊस ४० टक्के’ म्हणजे दिवसातला ४० टक्के वेळ पाऊस नव्हे. त्या भागातल्या एखाद्या ठिकाणी थोडा तरी पाऊस पडण्याची शक्यता शंभरात चाळीस, एवढाच त्याचा अर्थ. किती पडेल ते त्यात नसतं. तिथे धोका असतो तो पुराचा. समुद्रकिनारी ऊन आणि वर डोंगरात ढगफुटीसारखा पाऊस, की तासाभरात ओढा दुथडी. घोट्याच्या वर, म्हणजे १५ सेंटिमीटर वाहतं पाणी माणसाला पाडतं आणि ३० सेंटिमीटर पाण्यात लहान गाडी वाहून जाऊ शकते. रस्त्यावर पाणी दिसलं की गाडी मागे फिरवायची, एवढं जावईबापूंना बजावा.

तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे. तुम्ही संध्याकाळी साडेसातला फोन केला तर तिथे सकाळचे दहा वाजलेले असतात. ढग जमायच्या आत बोलणं उरकतं.

टीव्हीवर कोल्हापूरला यलो अलर्ट सांगतात, बेळगावला काहीच नाही. आम्ही निपाणीकर दोन्हींच्या मध्ये. शिजवलेली हळद खळ्यावर पसरलीय. कुणाचं ऐकायचं? — एक शेतकरी, निपाणी भाग

कोल्हापूर हवामान विभागाच्या ‘मध्य महाराष्ट्र’ उपविभागात येतं आणि त्याचा इशारा मुंबई केंद्र देतं. बेळगाव ‘उत्तर अंतर्गत कर्नाटक’मध्ये, त्याचा इशारा बेंगळुरूहून निघतो. रंग अख्ख्या जिल्ह्याला मिळून दिला जातो. बेळगाव जिल्ह्यात कणकुंबीचं धो-धो पावसाचं रान आणि अथणीचं कोरडं माळरान दोन्ही आहेत, तेव्हा एका रंगातून निपाणीचं नेमकं कळणं कठीणच. तुम्ही कोल्हापूरचा इशारा आधी पाहा, मग बेळगावचा. दोहोंपैकी एक जरी पिवळा असला तरी ताडपत्री खळ्यावर आणून ठेवा.

खरा उपयोग दुपारी एकनंतरचा. हवामान विभागाच्या संकेतस्थळावर गोव्याच्या रडारचं चित्र मिळतं. त्यावरची वेळ यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, असेल तर साडेपाच तास मिळवा. बाजूच्या रंगपट्टीत डीबीझेडचे (dBZ) आकडे असतात, म्हणजे ढगातल्या पावसावरून रडारकडे किती जोराने लहरी परततात त्याचं माप. ४५ च्या वरचा ठिपका म्हणजे जोराचा पाऊस, ५५ च्या वर गेला तर गारांचीही शक्यता. वीस मिनिटांच्या अंतराने दोन चित्रं पाहा. ठिपका १० किलोमीटर सरकला आणि तुमच्यापासून ३० किलोमीटरवर असला, तर हाताशी तासभर आहे. एवढं करूनही वळीव फसवतोच. जुना ढग कोसळताना जी गार हवा जमिनीवर पसरते, तिच्यामुळे पुढे नवाच ढग उभा राहतो, आणि तो आधीच्या चित्रात नसतो. म्हणून उकाड्यात अचानक गार वाऱ्याचा झोत आला आणि धूळ उठली, की रडार बाजूला ठेवून खळ्याकडे पळा. हाती दहा-पंधरा मिनिटं असतात.

हळदीचं म्हणाल तर थर ५ ते ७ सेंटिमीटरचा ठेवा. त्याहून पातळ पसरली तर रंग उतरतो. रात्री ढीग करून झाका. सकाळी ऊन आलं की ताडपत्री लगेच काढा, नाहीतर आतून पाणी सुटतं आणि पावसाशिवायच बुरशी धरते. ढिगाभोवती चर काढायला लोक विसरतात. झाकलेली हळद वरून कोरडी आणि तळातून भिजलेली निघते ती त्यामुळेच. पूर्ण वाळायला १० ते १५ दिवस लागतात, त्यामुळे दोन-तीन वळीव गाठणारच असं धरून चाला.

काजू वेचताना गडगडाट सुरू झाला तर आम्ही बायका झाडाखाली थांबतो. पायांत रबरी चपला असतात. चालतं का? — एक भगिनी, खानापूर तालुका

नाही चालत. जी वीज काही किलोमीटर हवा फोडून खाली येते, तिला बोटभर रबर काय अडवणार? झाडावर पडलेली वीज खोडातून उडी मारून शेजारच्या माणसावर येते, आणि मुळांभोवतीच्या जमिनीतूनही पसरते. जमिनीत दोन पायांमधलं अंतर जितकं जास्त, तितका झटका मोठा. झाडाखाली बांधलेली म्हैस मरते आणि शेजारचं कोंबडं वाचतं, त्यामागे बरंचसं हेच कारण असतं.

वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा आणि तीनने भागा, तेवढे किलोमीटर वीज दूर. खरं तर गडगडाट ऐकू आला म्हणजे तुम्ही टप्प्यात आलातच. पक्कं घर, शाळा किंवा काचा बंद केलेली जीप गाठा. पत्र्याची उघडी शेड, ट्रॅक्टर आणि दुचाकी यांचा उपयोग नाही. काहीच जवळ नसेल तर झाडापासून आणि एकमेकींपासून पंधरा-वीस पावलं दूर व्हा, पाय जुळवून उकिडव्या बसा, डोकं खाली. आडवं मात्र पडू नका. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबल्याशिवाय रानात परतू नका. बऱ्याच जणी पाऊस थांबला की निघतात आणि तिथेच घात होतो. घरात असाल तर मोटरच्या स्टार्टरला हात लावू नका, नळाखाली भांडी घासू नका. मोबाइल वीज ओढतो ही अफवा, पण तो चार्जरला लावून कानाशी धरू नका.

वीज लागलेल्या माणसाच्या अंगात करंट उरत नाही, बेलाशक हात लावा. श्वास बंद असेल तर १०८ ला फोन करून छातीच्या मध्यभागी दोन्ही तळव्यांनी पाच सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा दाब देत राहा. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं ‘दामिनी’ ॲप आसपासच्या विजांची सूचना देतं. टोळीत एकीच्या मोबाइलवर असलं तरी पुरे.

गारा एप्रिलमध्येच का, आषाढात का नाही? — एक विद्यार्थी, बेळगाव

गार वाढायला ढगात वर ढकलणारा जोरदार झोत लागतो. तापलेल्या जमिनीमुळे तो एप्रिल-मेमध्ये मिळतो आणि ढग बारा-पंधरा किलोमीटर उंच जातो. आषाढात जमीन थंड, झोत मंद, ढग बुटके.

वळीव चांगला झाला. सोयाबीन पेरून टाकू का? — एक वाचक, बैलहोंगल

थांबा. वळीव एका शिवारात पडतो आणि बांधापलीकडे धूळ उडत राहते. त्यावरून मॉन्सूनचा अंदाज निघत नाही. वारा नैर्ऋत्येकडून सलग वाहू लागला, ढग खाली उतरले आणि विजांशिवाय रात्रीही पाऊस लागून राहिला, तर तो मॉन्सून. एकूण ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन ओल खोलवर गेल्यावरच पेरा. वरची ओल पाहून पेरलेलं बी उगवतं आणि पुढच्या उघडिपीत करपतं, मग दुबार पेरणीचं बियाणं शोधत हिंडावं लागतं.