रिचमंडची बससेवा अभ्यासताना
व्हर्जिनियातील रिचमंडचा अभ्यास आपण नव्याने सुरू करत आहात, म्हणून सुचवतो: नकाशा नंतर उघडा, आधी ब्रॉड स्ट्रीटवर ‘पल्स’ बसने प्रवास करा, २०२० पासून तिकीटही लागत नाही. जून २०१८मध्ये सुरू झालेल्या, सुमारे १२ किलोमीटरच्या या मार्गावर काही भागात बससाठी स्वतंत्र मार्गिका आहेत आणि उंच फलाटांमुळे चाकाची खुर्ची किंवा बाबागाडी सहज आत नेता येते. मात्र थांब्यापासून घरापर्यंत सलग पदपथ व सावली आहे का, हे स्वतः चालूनच तपासा, कारण माझ्या मते प्रवासी तिथेच दुरावतो. १८८८मध्ये अमेरिकी अभियंता फ्रँक स्प्रेग यांनी विजेची ट्राम याच शहरात यशस्वी केली होती. वाहतुकीमुळे वस्ती कशी घडते हे समजण्यासाठी गिंटर पार्कसारखी ट्रामच्या आधाराने वाढलेली वस्ती अवश्य पाहा.