क्वीनला कव्हर

प्रश्न : मी रात्रशाळेत तीस वर्षं गणित शिकवलं. निवृत्तीनंतर भाच्याच्या मदतीने दहावीच्या बीजगणितासाठी एक संकेतस्थळ सुरू केलं. मुलं अडलेलं गणित तिथे टाकतात, दुसरी मुलं सोडवून दाखवतात. सुरुवातीला कोणी लिहीत नव्हतं, म्हणून भाच्याने गुण, बिल्ले आणि पहिल्या दहांची यादी आणली. महिनाभर झुंबड उडाली. आता यादीतली तीन मुलं सोडली तर सगळे गप्प. काही जण नुसतं 'बरोबर आहे' लिहून पाच गुण खिशात टाकतात. बिल्ले वाढवू का?
— एक शिक्षिका, विक्रोळी

उत्तर : बाई, बिल्ले अजिबात वाढवू नका.

हे मी ठेच खाऊन सांगतोय. माझ्या पहिल्या नोकरीत, अंधेरीला, आम्ही लहान मुलांसाठी शब्दांचा खेळ केला होता. उत्तर बरोबर आलं की चांदणी, चुकलं तर लगेच पुन्हा प्रयत्न. आकडे बघून ऑफिसात पेढे वाटले. मग शेजारच्या मुलाला खेळताना पाहिलं. नजर टीव्हीवर, अंगठा अ, ब, क, ड असा ओळीने फिरतोय. चाळीस चांदण्या झाल्या होत्या. त्यातला एक शब्द विचारला, तर म्हणाला, "काका, तो वाचायचा असतो?" त्याचं काहीच चुकलं नव्हतं. आम्ही मांडलेला खेळ तो अगदी हुशारीने खेळत होता.

तुमची 'बरोबर आहे'वाली मुलंही तेच करतायत.

१९७३ साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेत बालवाडीतल्या मुलांवर एक प्रयोग केला. चित्रं काढायला आवडणाऱ्या काही मुलांना आधीच सांगितलं, चित्र काढलंत तर प्रशस्तिपत्रक मिळेल. पुढे मोकळ्या वेळात तीच मुलं कमी चित्रं काढू लागली. न सांगता अचानक बक्षीस मिळालेल्यांची आवड मात्र घटली नाही. तेव्हा शाबासकी द्याच, पण तिचा दर आधी फळ्यावर लिहू नका.

आता कॅरम आठवा. गिरगावात आमच्या चाळीच्या गॅलरीत दुपारभर बोर्ड मांडलेला असायचा. क्वीन घेतली म्हणून कोणी नाचायला लागलं की बाकीचे ओरडायचे, "कव्हर दाखव आधी!" पाठोपाठ स्वतःची सोंगटी घेतली नाही तर क्वीन परत मधोमध. गुणांनाही असं कव्हर लावा. उत्तर लिहिल्याबरोबर गुण नाहीत. विचारणाऱ्याने ते वाचून त्याच धर्तीचं दुसरं समीकरण स्वतः सोडवून टाकलं, की दोघांच्याही खात्यात जमा. 'बरोबर आहे'ने कोणाचं समीकरण सुटत नाही, त्यामुळे तसं लिहिणारी मुलं आपोआप थांबतील.

पहिल्या दहांची यादी काढून टाका. नव्या मुलीला पहिल्याच दिवशी आपण एकशे सत्त्याऐंशीव्या आहोत हे कळून काय हुरूप येणार? आपल्याकडे याला फार जुना इलाज आहे : लिंबूटिंबू. धाकटं भावंड खेळायला आलं की ते लिंबूटिंबू; खेळतं सगळं, पण त्याच्यावर राज्य येत नाही. पहिली दहा गणितं प्रत्येकाला लिंबूटिंबू राहू द्या. चुकलेली पायरी फक्त त्यालाच दिसावी. रात्रशाळेत दिवसभर कामावर जाणारी, वयाने मोठी माणसंही असतात, हे मी तुम्हाला काय सांगणार! 'मला एवढंही येत नाही' हे चारचौघांत लिहिणं त्यांना उत्तर लिहिण्यापेक्षा जड जातं. अर्धवट गणित टाकायची सोय करा, वर लिहा : 'इथपर्यंत जमलं.'

संगणकावरचे खेळ रचणारे रिचर्ड बार्टल यांनी १९९६ मध्ये संगणकावर एकत्र खेळणाऱ्यांचे चार स्वभाव मांडले : मिळवणारे, धुंडाळणारे, माणसांत रमणारे आणि दुसऱ्यावर कुरघोडी करणारे. तुमचे बिल्ले एकट्या पहिल्या जातीसाठी आहेत. माणसांत रमणाऱ्यांसाठी लगोरी खेळवा. म्हणजे पाच-पाच जणांचे गट करा आणि रविवारी रात्रीपर्यंत गटातलं एकही गणित अडलेलं राहता कामा नये, एवढाच नियम ठेवा. लगोरीत रचणारा कोणीही असो, सात ठिकऱ्या लागल्या की अख्खा संघ जिंकतो.

भाचा उद्या 'रोज न चुकता' अशी साखळीही सुचवेल. ड्युओलिंगो या भाषा शिकवणाऱ्या ॲपवर ती आहे, पण तिथेही एखादा दिवस चुकला तर साखळी वाचवायची सोय ठेवावी लागली. तुमच्या एखाद्या विद्यार्थ्याला डबल ड्युटी लागली, पावसाने गाड्या रखडल्या, की साखळी तुटणार आणि तो परत फिरकणार नाही. आठवड्यातले कुठलेही तीन दिवस पुरेत.

सुरुवात कव्हरपासून करा. आणि त्या तिघांचे जुने गुण पुसू नका, त्यांनी ते घाम गाळून मिळवलेत. त्यांना एकेक गट सांभाळायला द्या.