कॅम्परव्हॅनने फ्रान्सच्या खेड्यांतून फिरताना रात्री गाडी कुठे लावायची?
पोरं बरोबर आहेत तर आधी कॅम्पिंग म्युनिसिपाल बघा, म्हणजे गावच्या नगरपालिकेची साधी कॅम्पसाइट, स्वस्त पडते आणि अंघोळीची सोय असते. पण खरी मजा फ्रान्स पॅशनमध्ये आहे, १९९३ पासून चालू आहे हे, वर्षाची मेंबरशिप घेतली की शेतकरी, वाइनवाले आपल्या आवारात २४ तास फुकट गाडी लावू देतात, फक्त गाडीत स्वतःचं टॉयलेट हवं. विकत घ्यायची सक्ती नसते, तरी चीज घ्याच! आणि पोचल्यावर आधी मालकांना भेटून बोंजूर म्हणा, तिथे त्याला फार किंमत आहे. हो, गाडी साडेतीन टनांच्या आतलीच घ्या, त्यावरची साध्या कारच्या लायसनवर चालत नाही.