राजीनाम्याआधी नोंदी मागून घे

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतची पाचही प्रमाणपत्रे पाहिली: रॅम्प सेफ्टी (विमाने उभी राहतात त्या जागेवरची सुरक्षितता), धोकादायक मालाचे डीजीआर, पुशबॅक (विमान ट्रॅक्टरने मागे ढकलणे), एव्हिएशन सिक्युरिटी आणि एअरसाइड ड्रायव्हिंग (विमानतळाच्या आतल्या, विमानांच्या भागात गाडी चालवणे). पुढच्या महिन्यात राजीनामा देऊन तू दुसऱ्या देशात जाणार आहेस आणि ही प्रमाणपत्रे तिकडे ‘ट्रान्सफर’ करून देणारे कार्यालय कोणते, असे विचारतेस. एका एजंटाने पैसे घेऊन समकक्षतेचा दाखला मिळवून देण्याचे कबूल केले आहे, हे वाचून मात्र मला राग आला. तुझा थोडा, त्याचा पुष्कळ.

असे कार्यालय नाही. नागरी विमानवाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय शिकागो कराराच्या परिशिष्ट १ मध्ये वैमानिक, हवाई वाहतूक नियंत्रक, देखभाल अभियंते, फ्लाइट डिस्पॅचर (उड्डाणाची आखणी करणारे) यांच्या परवान्यांचे आंतरराष्ट्रीय निकष दिलेले आहेत, म्हणून त्यांना आपला परवाना दुसऱ्या देशापुढे ठेवून मान्यता मागता येते. रॅम्पवर काम करणाऱ्यांचे नाव त्या यादीत नाही. तुझ्याजवळ आहे तो एका कंपनीने, एका विमानतळावर, तिथे येणाऱ्या एअरलाइनच्या कार्यपद्धतींप्रमाणे दिलेला अधिकार, आणि नोकरी सुटली की तोही सुटतो. शिकलेले सुटत नाही, हे खरे. पण शिकलेले दुसऱ्याला दाखवायचे तर नोंद लागते, आणि ती नोंद तुझ्या हाती असली पाहिजे. ही गोष्ट या पत्रात पुन्हा येणार आहे. कंटाळलीस तरी वाच.

तुझी कंपनी आयसॅगोत नोंदलेली आहे, म्हणून तिची प्रमाणपत्रे सगळीकडे चालतील, असा तुझा समज आहे. आयसॅगो हा आयाटाने, म्हणजे एअरलाइन्सच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने, २००८ मध्ये सुरू केलेला, ग्राउंड हँडलिंग (विमानाची जमिनीवरची कामे) करणाऱ्या कंपन्यांच्या ऑडिटचा कार्यक्रम आहे. त्यात कंपनी तपासली जाते, तू नाहीस. तुला त्याचा फायदा इतकाच, की ऑडिटला सामोरे जाणाऱ्या कंपनीला प्रशिक्षणाच्या नोंदी ठेवाव्याच लागतात, आणि ठेवलेल्या नोंदी मागता येतात.

पाचांपैकी डीजीआरचा नियम सर्वांत स्पष्ट आहे. आयाटाच्या नियमांप्रमाणे हे प्रशिक्षण २४ महिन्यांच्या आत पुन्हा घ्यावे लागते आणि १ जानेवारी २०२३ पासून ते प्रत्यक्ष कामाला धरून, क्षमता तपासून द्यावे लागते. तुझ्या प्रमाणपत्रावर जुन्या वर्गवारीतला नुसता क्रमांक आहे. त्यावरून तू माल चढवत होतीस, त्याच्यावरची लेबले तपासून तो स्वीकारत होतीस, की लोड कंट्रोलमध्ये बसून त्याची जागा ठरवत होतीस, हे नव्या कंपनीला कळणार कसे? याच नियमांतले एक कलम फारसे कोणी वाचत नाही. प्रशिक्षणाची नोंद कंपनीने किमान ३६ महिने जपून ठेवली पाहिजे आणि कर्मचाऱ्याने मागितल्यावर ती त्याला उपलब्ध करून दिली पाहिजे. त्या नोंदीत तुझे नाव, प्रशिक्षण व मूल्यमापन पूर्ण झाल्याचा महिना, वापरलेल्या साहित्याचे वर्णन किंवा संदर्भ, प्रशिक्षण देणाऱ्या संस्थेचे नाव व पत्ता आणि तू सक्षम ठरल्याचा पुरावा असावा लागतो. तू पाठवलेल्या रंगीत कागदावर यातले निम्मेही नाही. ३६ महिन्यांनंतर फाईल नष्ट झाली तर तक्रार करायलाही जागा उरणार नाही, म्हणून ती आत्ताच, हक्काने माग. एवढे करूनही तिकडे तुला वर्गात बसवतीलच, कारण प्रत्येक देशाने आणि प्रत्येक एअरलाइनने त्या नियमांना आपापली वेगळी कलमे जोडलेली असतात. त्यात अपमान वाटून घेऊ नकोस.

एअरसाइड ड्रायव्हिंगचे प्रमाणपत्र सरळ बाजूला ठेव. ब्रिटनमध्ये त्या परवान्याला एडीपी म्हणतात, कॅनडात एव्हॉप, ऑस्ट्रेलियात एडीए, आणि तो त्या त्या विमानतळाचे रस्ते, स्टँड आणि टॅक्सीवे शिकवूनच दिला जातो. एकाच देशात विमानतळ बदलला तरी पुन्हा शिकावे लागते.

सिक्युरिटीचे प्रशिक्षणही तिकडे नव्याने होईल. तिथे खरी अडचण येते ती विमानतळात प्रवेशाच्या पासची, आणि त्यासाठी तपासला जातो तो तुझा मागचा काळ. युरोपीय संघाच्या २०१५/१९९८ या नियमानुसार किमान मागील ५ वर्षांतली नोकरी, शिक्षण आणि मधला रिकामा काळ पाहिला जातो, आणि कॅनडातही ५ वर्षांची पडताळता येईल अशी माहिती मागतात. तुझ्या पत्रात दोन नोकऱ्यांमधल्या काही महिन्यांचा उल्लेख तू ‘घरीच होते’ असा एका ओळीत उरकला आहेस. तेवढ्यावर पास अडकू शकतो. त्या काळाबद्दल लेखी सांगू शकेल अशी व्यक्ती आजच शोध आणि देश सोडण्यापूर्वी पोलिसांचा चारित्र्य पडताळणी दाखला घे.

आता पुशबॅक, कारण तुझी खरी किंमत तिथे आहे आणि तुझ्या कागदावर त्याबद्दल एकच ओळ आहे. टो-बारने (ट्रॅक्टर आणि विमान जोडणाऱ्या दांड्याने) ढकलणे आणि टो-बारलेस ट्रॅक्टरने ढकलणे ही वेगळी कामे आहेत. टो-बार विमानाच्या प्रकाराप्रमाणे बदलतो, विमानाच्या पुढच्या चाकाचे स्टिअरिंग तात्पुरते बंद ठेवणारी बायपास पिन कोण लावतो आणि कोण काढून दाखवतो याची पद्धत एअरलाइनगणिक बदलते, आणि हेडसेटवर बोलणारा व ट्रॅक्टर चालवणारा एकच की वेगळे, हेही सगळीकडे सारखे नसते. लोडिंगचेही तसेच आहे: बोइंग ७३७ च्या होल्डमध्ये (सामानाच्या कप्प्यात) बॅगा सुट्याच रचाव्या लागतात, एअरबस ए-३२० मध्ये कंटेनरचीही सोय असू शकते. म्हणून तुझ्या नोंदीत विमानाचा प्रकार, उपकरणाचा प्रकार, शिकाऊ म्हणून केलेले काम, स्वतंत्रपणे केलेले काम, मूल्यमापनाची तारीख आणि मूल्यमापकाची सही हवी. (मार्शलिंगच्या, म्हणजे वैमानिकाला हातांनी करायच्या, खुणांची काळजी करू नकोस. त्या शिकागो कराराच्याच परिशिष्ट २ मध्ये आहेत आणि फरक फारच थोडे असतात.)

हे मी इतक्या ठामपणे का सांगतो, ते ऐक. मी देश बदलला तेव्हा पुशबॅक आणि डी-आयसिंग (विमानावरचा बर्फ उतरवणे) ही दोन्ही कामे माझ्या हाताखालून गेलेली होती. निघण्यापूर्वी मी नोंदींच्या प्रती मागितल्या, तर ‘फायली कंपनीच्या मालकीच्या असतात’ एवढेच उत्तर मिळाले. पुढे ती कंपनी दुसरीत विलीन झाली, प्रशिक्षण विभाग बंद झाला आणि विचारायलाही कोणी उरले नाही. नव्या ठिकाणच्या परीक्षकाने मला कोणत्या विमानांवर, कोणत्या ट्रॅक्टरने आणि कोणाच्या सहीने काम केले ते विचारले. उत्तरे माझ्या तोंडात होती, कागदावर नव्हती. मला बॅगेज बेल्टवर पाठवले गेले. पुशबॅक पुढे परत मिळाले. डी-आयसिंग कधीच मिळाले नाही. नारिंगी टाइप १ द्रवाने बर्फ उतरवल्यावर, पुन्हा बर्फ धरू नये म्हणून फवारलेल्या हिरव्या टाइप ४ द्रवाचा थर पंखावर सारखा बसला आहे की नाही, हे खालून ओळखण्याची नजर मी मोठ्या कष्टाने कमावली होती, आणि ती तशीच वाया गेली. याची चुटपुट मला अजून आहे.

नंतर मी स्वतः प्रशिक्षक झालो आणि माझ्याकडून कोणीही सही केलेल्या तपशीलवार नोंदीशिवाय बाहेर जाणार नाही, असा नियम धरला. वरिष्ठ वैतागले, सहकाऱ्यांनी ‘कागदवेडा’ म्हणून हिणवले, शिफ्ट संपल्यावर अर्धा तास कोण थांबणार, असेही विचारले गेले. मी थांबलो. एकदा परदेशातून आलेला एक मुलगा माझ्यापुढे उभा राहिला. काम पाहताच कळत होते की हात तयार आहे, पण त्याच्याजवळ तुझ्यासारखीच चकचकीत प्रमाणपत्रे होती आणि नोंद एकही नव्हती. मी त्याला पहिल्या दिवसापासूनचे संपूर्ण प्रशिक्षण दिले. तो नाराज झाला, आणि मला कठोर म्हणणारे आजही आहेत. पण विमानाला धक्का लागला तर चौकशीत पहिला प्रश्न येतो तो याला काम करण्याचा अधिकार कोणी दिला, आणि तिथे सही माझी असते. ज्याने नोंदी आणल्या त्याला मी फक्त फरकाचे प्रशिक्षण देत असे, कारण काय वगळले आणि कशाच्या आधारावर, हे मला लिहून दाखवता येत असे. यात माझे काय चुकले, ते मला अजून कोणी पटवून दिलेले नाही.

युरोपात जाण्याचा तुझा विचार पक्का असेल तर आणखी एक गोष्ट. ग्राउंड हँडलिंगसाठी तिथे २०२५/२० आणि २०२५/२३ हे नियम आले आहेत आणि ते २७ मार्च २०२८ पासून लागू होतील. मग प्रशिक्षण आणि त्याच्या नोंदी तिथल्या विमानसुरक्षा कायद्याच्या देखरेखीखाली येतील. नोंद मागणाऱ्याला कागदवेडा म्हणण्याची सोय तिथे तरी राहणार नाही.

तेव्हा राजीनाम्याचे पत्र फाडून टाक असे मी म्हणत नाही, पण ते आठवडाभर खणात राहू दे. आधी प्रशिक्षण विभागाला लेखी विनंती कर, त्यात प्रत्येक कामाचे नाव वेगळे लिही आणि उत्तर तुझ्या खासगी ई-मेलवर माग, कारण कंपनीचे खाते शेवटच्या दिवशी बंद होते. नावाचे स्पेलिंग पासपोर्टवर आहे तसेच प्रत्येक कागदावर आहे ना, ते अक्षर अक्षर लावून पाहा. तुझ्या पुशबॅकच्या प्रमाणपत्रावर ते वेगळे आहे. टाळाटाळ झाली तर ३६ महिन्यांच्या कलमाचा उल्लेख कर. ते कलम डीजीआरपुरते आहे, पण फाईल उघडली गेली की बाकीच्या प्रतीही त्याच कपाटातून निघतात. आणि आजवर तुझे मूल्यमापन करणारे प्रशिक्षक अजून तिथेच असतील तोवर त्यांच्या सह्या घे.

एजंटाला नकार कळवलास की मला लिही. तिकडच्या कंपनीला पाठवायच्या अर्जाचा तुझा मसुदा मी त्यानंतरच वाचीन.